गैरसोयीबद्दल दिलगीर

सोमवार, ९ मार्च

प्रिय मामा,

मी फोन केला की तू बागेत असतोस. निदान मामी तसं सांगते. धो धो पाऊस पडत असला तरी बागेत, रात्री जेवणाच्या वेळीही बागेत. म्हणून आता पत्रच लिहिते. अक्षरं समोर आली की ती वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा तू शेवटपर्यंत वाचतोस. तेव्हा हेही वाचशील. उत्तराची सक्ती नाही. तू गप्प असलास की वादात मीच जिंकते, ते मला बरंच आहे.

तीन वर्षांपूर्वी, तू संपादक होतास ते वर्तमानपत्र सोडून मी लिफ्टच्या कंपनीत जनसंपर्क अधिकारी झाले, तेव्हा भर जेवणाच्या टेबलावर तू म्हणालास, "आजवर बातमी लिहिलीस, आता सारवासारव कर." आणि हात धुवायला उठलास तो उठलासच. तर मामा, तुला ऐकून गंमत वाटेल, सध्या माझ्याकडे सारवासारवीचं काम इतकं आहे की दुपारचा डबा संध्याकाळी उघडते.

झालं असं. परवा शनिवारी इथल्या सगळ्यात मोठ्या मॉलमध्ये आमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. आत सहा माणसं. लिफ्ट आहे, कधीतरी अडकते. पण त्या सहांत एक होती टीव्हीवरची आत्याबाई. तू मालिका बघत नाहीस, मामीला विचार. गेली चार वर्षं ही बाई रोज रात्री कुणाच्या ना कुणाच्या दुधात काहीतरी मिसळते. तिने आतून सरळ फोनवर लाइव्ह सुरू केलं. "मालिकेत मी तीन सुनांना तळघरात कोंडलंय," ती म्हणाली, "आज फेडतेय." लाखभर लोक बघायला लागले. आत एक आजोबा होते, त्यांच्या हातात बायकोच्या वाढदिवसाचा केक. पाऊण तास झाला तेव्हा तो केक कुणाच्या तरी बँकेच्या कार्डाने कापला गेला आणि सहा जणांनी खाल्ला. इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं.

पण लिफ्टमध्ये धोक्याची बेल असते ना, ती दाबली की आमच्या मदत-कक्षात फोन लागतो. त्यांनी दाबली. लागला. आणि पलीकडून एका बाईचा साखरेत घोळवलेला आवाज आला, "आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. कृपया शांत राहा. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी बोलतील." मग बासरी. मग पुन्हा, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. प्रतिनिधी काही बोलले नाहीत. शेवटी अग्निशामक दलाच्या लोकांनी येऊन दार उघडलं.

रविवारी सकाळपर्यंत त्या आवाजाचं गाणं झालं होतं. मागे ताल, मधे बासरी. दुकानात वाजतंय, रिक्षात वाजतंय. स्वयंपाकाला किती वेळ आहे असं घरात कुणी विचारलं की बायका म्हणे उत्तर न देता तेवढं वाजवतात. तो आवाज कुणाचा, याचा लोक शोध घेताहेत. असेल कुणाचा तरी.

आणि मी काय केलं? रविवारी दुपारी कंपनीचं निवेदन काढलं. "तांत्रिक कारणास्तव ग्राहकांची काही गैरसोय झाली असल्यास कंपनी दिलगीर आहे." मामा, कंपनीत नवीन पोरं आली की मीच त्यांना शिकवते. तो गायक आठवतो? मंचावर गाताना मागची टेप अडकली आणि तोंड हलतच राहिलं, तो? नंतर सात मिनिटं कॅमेऱ्यासमोर रडला, पण 'टेप' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. ते मी पोरांना दाखवते आणि सांगते, असं करायचं नाही. मग ती बूटवाली कंपनी. नाचाच्या स्पर्धेत भर कार्यक्रमात मुलीच्या बुटाचा तळ सुटला, ती अनवाणी नाचली. मालकाने दुसऱ्या दिवशी एकच ओळ छापली, "बूट आमचे, चूक आमची, नाच तुमचा." हे दाखवते आणि सांगते, असं करायचं. इतकं सगळं मला तोंडपाठ. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा माझ्या हातून निघालं 'झाली असल्यास'!

खाली पहिलीच प्रतिक्रिया होती, "आपण आमच्यासाठी मोलाचे आहात."

मामीला नमस्कार. बाग कशी आहे?

तुझी भाची

&nbsp;

शुक्रवार, १३ मार्च

प्रिय मामा,

तुझं कार्ड आज आलं! तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं आणि दारातच उभी राहून वाचलं. वाचायला फार वेळ लागला नाही, दोनच ओळी. "दिलगिरी म्हणजे माफी नव्हे. आणि तो आवाज कुणाचा ते मामीने पहिल्या शब्दाला ओळखलं, मी दुसऱ्या."

बरं बाबा, माझा आहे. मी नोकरीला लागले त्या पहिल्या महिन्यात ते ध्वनिमुद्रण झालं. बाहेरची बाई आणायला खर्च, म्हणून मला उभं केलं. मला सांगितलं होतं की मदत-कक्षातला माणूस फोन उचलेपर्यंतची पाच-दहा सेकंदं भरायची आहेत. मी अगदी तुझ्या आईची, म्हणजे आजीची, आठवण काढून गोड बोलले. मला काय माहीत, माझ्यामागे कुणी नसणारच आहे.

हे मला बुधवारच्या बैठकीत कळलं. आमच्याकडे दोन माणसं महत्त्वाची. एक साहेब. कंपनी त्यांनी काढली, वय सत्तरीच्या पुढे, अजून रोज पहिले येतात. दुसरे त्यांचे जावई. त्यांना सगळे पाठीमागे जावईबापू म्हणतात आणि तोंडावर 'सर'. जावईबापू रोजचा कारभार बघतात. तर बैठकीत मी विचारलं, "सर, त्या दिवशी मदत-कक्षात ड्यूटीवर कोण होतं?" जावईबापू पाण्याचा ग्लास फिरवत म्हणाले, "शनिवार-रविवार कक्ष बंद असतो. गेल्या वर्षापासून. शनिवारी कोण अडकतं?"

मामा, शनिवारी कोण अडकतं! अख्खं गाव मॉलमध्ये असतं शनिवारी.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनाही हे नवीन होतं, पण जावयाला सगळ्यांसमोर कसं बोलणार? ते चष्मा पुसत बसले. मग जावईबापूंनी खिशातून उपाय काढला. लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे, त्यात आत्याबाई सगळी बटणं धडाधड दाबताना दिसतात. "हे तुमच्या एखाद्या पत्रकार मित्राला द्या. कंपनीचं नाव नको. बाई टीव्हीवर कारस्थानं करतेच, लोकांना लगेच पटेल."

मी म्हटलं, "पण बटणं तिने लिफ्ट अडकल्यावर दाबलीत. वेळ दिसतेय वर कोपऱ्यात."

"कोपरा कापा," जावईबापू म्हणाले.

सोमवारपर्यंत मुदत दिलीय. नाही दिलं तर काय, ते कुणी बोललं नाही, पण जावईबापूंनी जाता जाता विचारलं, "तुमच्या घराचे हप्ते अजून चालू असतील ना, मॅडम?" चांगलं हसून विचारलं. 

तू मला खोटं ठरवायला टपलेला आहेस म्हणून सांगते. ते चित्रण माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि ते कुठेही जाणार नाही. त्यापुढे काय करायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही. उद्या सकाळी आत्याबाईंना भेटायला जातेय, त्यांच्या चित्रीकरणाच्या जागी. कंपनीला सांगितलेलं नाही. घरीही नाही. नवऱ्याला वाटतंय मी भाजी आणायला चाललेय.

तुझी भाची

&nbsp;

रविवार, १५ मार्च

प्रिय मामा,

आजचं पत्र लांबेल. चहा घेऊन बस.

आत्याबाई एका भल्यामोठ्या गोदामात भेटल्या. आत खोटं दिवाणखान्याचं घर उभं केलेलं, जिना वर जातो आणि छतापाशी नुसता संपतो. त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर त्या बसल्या होत्या, अंगावर जरीची साडी, गळ्यात शेरभर दागिने, पायात रबरी चपला, आणि टोस्ट चहात बुडवून खात होत्या. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली, आणि सारं अवसान गोळा करून म्हटलं, "मी माफी मागायला आलेय."

त्यांचा टोस्ट चहात पडला. "थांब, थांब. परत बोल."

"मी माफी..."

"अगं, तूच ती! तूच ती मोलाची!" त्या ओरडल्याच. "अरे इकडे या सगळे, ती मोलाची आलीय!"

मामा, पाच मिनिटांत माझ्याभोवती तीसेक माणसं. दिवेवाले, कपडेवाले, तळघरात कोंडलेल्या तिन्ही सुना. सगळ्यांचा एकच हट्ट, एकदा म्हणून दाखवा. मी कानापर्यंत लाल झाले, पण म्हटलं. टाळ्या पडल्या. एका सुनेने तर माझ्यासोबत फोटो काढून घेतला.

माणसं पांगल्यावर आत्याबाईंनी मला शेजारी बसवलं. आवाज एकदम साधा झाला. म्हणाल्या, "हे बघ, लिफ्ट अडकली त्याचा मला राग नाही. केक चांगला होता. पण ते आजोबा आहेत ना, ते घाबरले होते. माझा हात घट्ट धरून होते, सगळ्यांच्या नकळत. म्हणूनच मी लाइव्ह केलं, बडबड केली, म्हणजे त्यांचं लक्ष दुसरीकडे जाईल. ते त्या बेलपाशी तोंड नेऊन विचारायचे, 'हॅलो, कुणी आहे का? आम्ही आत आहोत.' आणि तू म्हणायचीस, आपण मोलाचे आहात. ते थांबायचे, तुझं पूर्ण होऊ द्यायचे, आणि पुन्हा विचारायचे. त्यांना वाटत होतं, कुणीतरी खरंच बोलतंय."

 मग त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला.

तिथून मी भाजी न घेता थेट ऑफिसला गेले. शनिवार, दुपार, ऑफिस रिकामं. साहेब होते, कारण घरी त्यांना करमत नाही. मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "साहेब, जरा माझ्यासोबत लिफ्टमध्ये येता?"

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

ते आले. आपलीच लिफ्ट, आपलंच ऑफिस. दार लागल्यावर मी त्यांना बेल दाबायला सांगितली. त्यांनी दाबली. माझा आवाज आला, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. बासरी. साहेब ऐकत उभे राहिले. दुसऱ्यांदा आला तेव्हा ते पुढे झाले आणि जाळीपाशी तोंड नेऊन म्हणाले, "हॅलो? अहो, मी बोलतोय." माझा आवाज म्हणाला, कृपया शांत राहा. मी शेजारी तोंड मिटून उभी, आणि मीच वरून बोलतेय. हसू की रडू, कळेना. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या जाळीकडे. आणि तरीही ते म्हणाले, "अहो, ऐका ना."

चौथ्या वेळेला त्यांनी दार उघडायचं बटण दाबलं. बाहेर येऊन तिथल्या स्टुलावर बसले.  मग म्हणाले, "सुरुवातीला हा फोन माझ्या घरी होता, गं. पलंगाशेजारी. बायको म्हणायची, सवत आणून ठेवलीय."

मी त्यांना आजोबांचं सांगितलं. चित्रण मी कुणालाच देणार नाही, हेही सांगितलं. कोपरा कापायचा बेत त्यांच्यासमोरच ठरला होता, तेव्हा ते चष्मा पुसत बसले होते. आता म्हणाले, "सोमवारी पत्रकारांना बोलाव. काय बोलायचं ते लिहून दे. मला वाचता येईल असं मोठ्या अक्षरात लिही. आणि 'तांत्रिक' नको."

"जावईबापूंना काय सांगायचं?" माझ्या तोंडून जावईबापूच गेलं! जीभच चावली मी.

साहेब पहिल्यांदा हसले. "मलाही तेच नाव माहीत आहे," म्हणाले.

तुझी भाची

&nbsp;

बुधवार, १८ मार्च

प्रिय मामा,

वर्तमानपत्रात वाचलंच असशील. तरी आतलं सांगते.

सोमवारी आमच्या छोट्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी माझा कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि कागद खाली ठेवून दिला. मग म्हणाले, "त्या शनिवारी आमच्या मदत-कक्षात कुणी नव्हतं. पैसे वाचवायला आम्ही तो सुट्टीच्या दिवशी बंद ठेवला होता. लोक हाका मारत होते आणि आम्ही टेप लावून ठेवली होती. हे चुकलं. मी माफी मागतो. काल रविवारपासून तिथे माणूस बसतोय, आणि यापुढे चोवीस तास बसेल." माझ्या कागदावर याहून बरंच जास्त होतं. ते गाळलं ते उत्तम केलं. तू माझे अग्रलेख असेच छाटायचास.

 पत्रकारांनी भांडायची तयारी करून यावं आणि समोरच्याने आधीच कबूल करून टाकावं, तशी त्यांची पंचाईत झाली. तुझ्याच वर्तमानपत्राची एक चुणचुणीत मुलगी, माझ्या जुन्या खुर्चीवर बसते म्हणे, तिने विचारलं, "हा निर्णय कुणाचा होता?"

जावईबापू भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. साहेब म्हणाले, "कंपनी माझी आहे." बस. ती दोनदा फिरवून विचारत राहिली, हे दोनदा तेच म्हणाले.

मग तिने शेवटचा बाण काढला. "आणि तो आवाज कुणाचा?"

मी हात वर केला. मामा, मी खरंच शाळेतल्यासारखा हात वर केला. म्हटलं, "माझा. म्हणून दाखवणार नाही." सगळे हसले, कॅमेरे माझ्याकडे वळले, आणि काल दिवसभर ते गाणं पुन्हा वाजलं, पण यावेळी शेवटी माझं 'म्हणून दाखवणार नाही' जोडलेलं.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. दोन मोठ्या इमारतींनी करार तोडले. एका पेपरने लिहिलं, माफी हाही धंदाच आहे. ते मी कापून ठेवलंय, कारण त्यात तथ्य आहे. पण एका मोठ्या रुग्णालयाने कळवलंय की आमच्याच लिफ्ट ठेवतील, फक्त दर आठवड्याला बेल दाबून बघतील. साहेब म्हणाले, दाबा, रोज दाबा.

आणि मदत-कक्षात शनिवार-रविवार कोण बसतं, ओळख. जावईबापू. साहेबांनी महिनाभर नेमलंय. रविवारी पहिला फोन आला तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभेच राहिले म्हणे. पलीकडून एक बाई म्हणाली, "अडकले नाहीये हो. ती मोलाची टेप ऐकायची होती."

केकवाल्या आजोबांकडे साहेब आणि मी नवा केक घेऊन गेलो. आजीने दार उघडलं. आत बोलावलं, बसवलं, आणि आजोबांसमोर केक ठेवून म्हणाली, "हा तरी घरी पोचला." आजोबा मला म्हणाले, "तुमचा आवाज फार छान आहे हो. त्या दिवशी थोडा धीर आला." मामा, मी त्यांच्या पाया पडले.

तुझी भाची

&nbsp;

रविवार, ५ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पाच पानी पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं, दोन वेळा मोठ्याने, आणि नवऱ्याला पोट धरून हसताना गप्प बसवलं.

म्हणजे निवृत्त झालेल्या संपादकाला वसाहतीचं मासिक चालवायला दिलं, आणि त्याने दुसऱ्याच अंकात वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंबद्दल लिहिलं की त्यांचा सकाळचा रियाज हा 'दूध नासवण्याचा घरगुती उपाय' आहे! आणि आता अर्धी वसाहत तुझ्याशी बोलत नाही, बाईंनी शिकवणी बंद केलीय, आणि मामीही तुझं ताट वाढून मुकाट्याने आत जाते. बागेतही कुणी बसू देत नसेल.

तू सोबत माफीचा मसुदा पाठवलास आणि "जरा नजर फिरव" म्हणालास. मामा, मी हा क्षण जन्मभर विसरणार नाही. फिरवली.

"माझ्या विनोदी लेखनामुळे कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास..." हे तू लिहिलंस? तू? 'कुणाच्या' म्हणजे कुणाच्या? वरच्या मजल्यावर एकच बाई राहतात. 'असल्यास' कशाला, शिकवणी बंद झालीय ना? आणि 'विनोदी' हे तूच ठरवणार? पुढे तू दोन परिच्छेद अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिलेत, ते उत्तम आहेत, ते वेगळे छाप, पण पुढच्या वर्षी.

माझा मसुदा हा असा. "तुमच्या गाण्याबद्दल मी वाईट लिहिलं. तुम्हाला त्याचा त्रास झाला. मला माफ करा, आणि शिकवणी सुरू करा." हा मासिकात छाप, लेख जिथे छापला होतास त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. पण आधी वर जा. कागद नेऊ नकोस, तू वाचायला लागलास की व्याकरण सुधारत बसशील. बेल वाजव, दार उघडलं की बोल, आणि बोलून झालं की थांब. तुला थांबणं जड जातं, म्हणून सांगते. त्या रागावल्या तर रागावू दे. तो त्यांचा हक्क आहे.

फी नको. तू घरचा आहेस.

तुझी भाची

&nbsp;

रविवार, १२ एप्रिल

मामा,

काल रात्री तुझा फोन आला. स्क्रीनवर तुझं नाव बघून मला वाटलं मामीला काही झालं. आणि तू सरळ सांगत सुटलास. वर गेलास, बेल वाजवलीस, बोललास, थांबलास. बाईंनी तुला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाल्या, "सकाळी सहाऐवजी सात चालेल का?" आणि तुला आत बोलावून पेटीवर सूर धरायला लावला, आणि तुझा एकही सूर लागला नाही तेव्हा म्हणाल्या, "आता दूध कुणाचं नासलं?" हे सांगताना तू किती हसलास! असं हसताना मी तुला फार फार दिवसांनी ऐकलं.

मग  तू घसा खाकरलास आणि म्हणालास, "एक माफी तुझीही राहिलीय. त्या दिवशी टेबलावर मी तुझ्या कामाला नावं ठेवली. मला राग तुझ्या कामाचा नव्हता, तू मला सोडून चाललीस त्याचा होता. मी चुकलो."

आणि गप्प राहिलास. अगदी मी सांगितल्यासारखा.

मामा, बोलणं हा माझा धंदा आहे, आणि काल मला एक शब्द सुचला नाही. मी नुसती "हं" म्हणाले आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्याने तुझ्याशी बिचाऱ्याने हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले, म्हणजे कुणाला ऐकू येऊ नये.

म्हणून आज लिहून कळवते. पोचली, मामा. पूर्ण पोचली.

तुझी
भाची